सेरोटोनिन मोजलंच नाही, मग गोळी कशाच्या आधारावर दिली?

गेजरूम
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत चार दिवस काढले. आज सेकंड शिफ्टवरून आलो आणि ताट झाकून ठेवून आधी हेच लिहायला बसलो.

भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, बावीस वर्षं झाली. ३२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक, असेल तर वर २५ मायक्रॉनपर्यंत पास, सव्विसावा दिसला की लाल टॅग. मशीनवरून उतरलेला गरम जॉब (घडवलेला भाग) लगेच मोजू नका, २० अंशाला येऊ द्या, असं अप्रेंटिस पोरांवर दिवसभर ओरडणारा माणूस मी. मोजल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही हे अंगात मुरलंय.

दिवाळीनंतर बिघडलं. कारण विचारू नका, मलाही सापडलेलं नाही. डोक्यावर कर्ज नाही, भाऊबंदकी नाही, पोरगी डिप्लोमाला नीट शिकतेय. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते, मग साडेपाचपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. जेवण म्हणजे ताटातलं संपवायचं एक काम. आमच्या आळीत भजनी मंडळ आहे, पखवाज माझ्याकडे. एकादशीला बायकोने नेहमीसारखी डाव्या पुडीला (चामड्याच्या तोंडाला) लावायला कणीक मळून दिली. मी 'आलोच' म्हणून आत जाऊन पडलो. सकाळी बघितलं तर वाटीत ती कणीक तडकून पडलेली. पुढच्या एकादशीला तिने विचारलंच नाही.

तरी रेटत होतो. मग एक दिवस मायक्रोमीटरची स्लीव्हवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ धरायची विसरलो. ही चूक पहिल्या आठवड्यात पोरं करतात. आणि ती मला दाखवली कुणी, तर दोन महिन्यांपूर्वी आलेल्या अप्रेंटिसने. त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणालो, चल, डॉक्टरकडे जाऊ.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी नऊ प्रश्न विचारले, उत्तरांना गुण दिले, बेरीज १७ आली. एसिटॅलोप्रॅम लिहून दिली, आठवडाभर ५ मिलिग्रॅम, मग १०. शिवाय रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅम, तीही दोनच आठवडे, असं बजावून. म्हणाले, ही मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणारी गोळी आहे. मी विचारलं, माझं किती आहे सध्या? डॉक्टर हसले. म्हणाले, ते मोजत नाहीत.

हे काही मला पटलं नाही. मोजलंच नाही तर कमी आहे हे कळलं कसं? म्हणून तेविसाव्या दिवशी कुणाला न सांगता एका लॅबमध्ये रक्त देऊन आलो, सेरोटोनिनची तपासणी त्यांच्या यादीत होती. रिपोर्ट आला १९ नॅनोग्रॅम, पुढे लाल अक्षरात 'कमी'. म्हणजे तीन आठवडे गोळी खाऊनही कमीच? आज सव्विसावा दिवस.

त्यात मेहुण्याने काहीतरी फॉरवर्ड केलंय की २०२२ मध्ये सिद्ध झालं, नैराश्याचा आणि सेरोटोनिनचा संबंधच नाही, ही सगळी औषध कंपन्यांची बनवाबनवी. तो म्हणतो, आजच बंद कर.

त्रास म्हणाल तर पहिला आठवडा मळमळ, सारख्या जांभया, झोपेत दातावर दात. आता ते कमी आहे. आणखी एक त्रास आहे, तो इथे लिहीत नाही, संसारी माणसं समजून घेतील. बाकी तब्येत ठीक. कंबर धरते, त्यासाठी डायक्लोफेनॅक खिशात असते, आठवड्यातून दोन-तीनदा लागते.

गोळी चालू ठेवू की सोडू?

भटक्या_७२
दादा, या गोळ्यांच्या नादी लागू नका, सवय लागते. पहाटे जाग येतेच आहे तर उठून बारा सूर्यनमस्कार घाला, आठ दिवसांत फरक बघा. मन खंबीर पाहिजे, बस्स.

कातळावरची
भटक्या, साडेतीनला उठून पंख्याकडे बघणाऱ्याला पायात चप्पल घालायची म्हटली तरी डोंगर वाटतो. कधी तुम्ही त्या पंख्याखाली पडलात तर कळेल. पडू नका, एवढंच म्हणते.

गेजरूम, माझं ऐका, मग सोडायचं ते ठरवा. रत्नागिरीची मी. मला अचानक छाती धडधडून हातपाय गार पडायचे, घराबाहेर पडणं बंद झालं होतं. पॅरोक्सेटिन सुरू झाली, दीड-दोन महिन्यांनी मी एसटीने एकटी चिपळूणला गेले. मग मावसबहिणीचं लग्न आलं. पाठवणीच्या वेळी मांडवातल्या झाडून सगळ्या बायका रडत होत्या, नवऱ्यामुलाची आईसुद्धा. माझे डोळे कोरडे ठणठणीत. जिच्यासोबत एका ताटात जेवले तिची पाठवणी, आणि मी उभी राहून खुर्च्या मोजतेय. मला स्वतःचीच भीती वाटली. घरी आले आणि पाकीट फेकून दिलं.

तिसऱ्या दिवशी सुरू झालं. मान वळवली की डोक्यात चिर्र, ट्यूबलाइट लागताना करते तसं. डोळे फिरवले की पुन्हा चिर्र. चक्कर, विचित्र स्वप्नं, आणि राग तर असा की भाजीवाल्याशी भांडले. मला वाटलं जुना आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, हा आजार नव्हे, तुम्ही धावत्या गाडीतून उडी मारलीत. पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर उतरते, म्हणून तिचा दणका जास्त. फ्लुओक्सेटिनसारखी आठवडे रेंगाळणारी असती तर इतकं झालं नसतं. मग पुन्हा सुरू केली आणि पाच महिने लावून थोडी थोडी कमी केली, शेवटी शेवटी तर गोळीचे तुकडे करून.

ते कोरडे डोळे डॉक्टरांना आधीच सांगायला हवे होते. त्यावर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. तुम्ही जे इथे लिहीत नाही तेही तिथे सांगा. त्यांना त्यात नवल नाही, या गोळ्यांमध्ये ते नेहमीचं आहे. लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून द्या. मी चिठ्ठीच दिली होती.

फळा_आणि_खडू
मी सरकारी मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या जागी मला धरू नका. पण तुमचा रिपोर्ट वाचून हाताला खडूची आठवण झाली.

गेजरूम, तो १९ खरा आहे, लॅबचं काही चुकलं नाही. तुम्ही त्याचा अर्थ मात्र नेमका उलटा लावलात.

शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात तयार होतं, मेंदूत नाही. तिथून ते रक्तात येतं आणि रक्तातल्या प्लेटलेट ते उचलून स्वतःच्या पोटात साठवतात. प्लेटलेटला स्वतः ते बनवता येत नाही. उचलायला तिच्या अंगावर एक पंप असतो. मेंदूतल्या पेशी बाहेर सोडलेलं सेरोटोनिन ज्या पंपाने परत आत ओढतात, तोच हा पंप, एकाच जनुकावरून घडलेला. तुमची गोळी हा पंप अडवते. मेंदूत अडवला की दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. रक्तात अडवला की प्लेटलेट रिकाम्याच फिरतात. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. तुम्ही तेविसाव्या दिवशी रक्त दिलंत, तोवर जुन्या भरलेल्या मरून गेल्या होत्या आणि नव्या आल्या त्या रिकाम्या. म्हणजे तुमच्या १९ चा अर्थ एवढाच की गोळी तुम्ही नेमाने घेताय आणि ती रक्तातल्या पंपावर बसली आहे.

गोळीच्या आधी मोजलं असतं तर? तरी मेंदूचं काही कळलं नसतं. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो, जेवणातल्या प्रथिनांतून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून. ही रक्ततपासणी मुळात आतड्यातल्या एका विशिष्ट प्रकारच्या गाठीचा संशय असेल तर करतात, तिथे आकडा भलताच वाढलेला सापडतो. रक्त द्यायचंच होतं तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघायचं. त्यांच्या गडबडीनेही माणूस असा मलूल होतो. साठी ओलांडलेल्यांनी, त्यातही ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी, ही औषधं सुरू केल्यावर सोडियम तपासावं. ते उतरलं तर माणूस अडखळतो, बरळतो आणि घरचे समजतात म्हातारपण.

या रेणूचं नावही रक्तावरूनच पडलंय. १९४८ मध्ये क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज हे तिघे रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ शोधत होते. तो सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात, सापडला, म्हणून सेरोटोनिन. इटलीत एर्स्पामर यांनी हाच पदार्थ आधी आतड्यात गाठला होता आणि नाव ठेवलं होतं एंटेरामिन. मेंदूत तो असतो हे दाखवलं बेट्टी ट्वॅरोग या तरुण संशोधक बाईंनी, १९५३ मध्ये. बाईंचा मूळ अभ्यास कशावर होता, तर समुद्रातल्या शिंपल्यांच्या स्नायूंवर! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची झोपलेली पोरं उठायची.

आता मेहुणे. त्यांचं अर्धं बरोबर आहे. २०२२ मध्ये मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले आणि म्हटलं की नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला ठाम पुरावा नाही. त्यावर वाद झाला, पण 'तुमच्यात सेरोटोनिन कमी पडलंय, ते आम्ही भरतो' ही गोष्ट फार सोपी करून सांगितली गेली होती हे खरंच, आणि मीही बरीच वर्षं फळ्यावर तीच लिहिली. मात्र गोळीचा गुण येतो की नाही, हा त्या लेखाचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. सगळीच्या सगळी औषधं खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक माफक. कुणाला भरपूर गुण, कुणाला जेमतेम, कुणाला काहीच नाही. पहिल्याच औषधावर पूर्ण बरी होणारी माणसं तिघांत साधारण एक, बाकीच्यांना डोस किंवा औषध बदलावं लागतं.

मुळात इथे औषधं आधी आली आणि कारणं मागून. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देत होते. फुप्फुसं राहिली बाजूला, रुग्ण हसू-खेळू लागले. मग लोक विचारू लागले, हे का झालं? त्यातून १९६० च्या दशकात सेरोटोनिनचा सिद्धांत उभा राहिला. आणि सिद्धांत हाती आल्यावर तो पंप नेमका अडवणारी औषधं मुद्दाम घडवली. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली डिसेंबर १९८७ मध्ये.

पंप तर काही तासांतच अडतो, मग गुण यायला दोन ते सहा आठवडे का? मेंदू या बदलाशी हळूहळू जुळवून घेतो, पेशींवरचे सेरोटोनिनचा निरोप घेणारे ग्राहक (रिसेप्टर) आणि पेशींमधल्या जोडण्या बदलतात, त्यातून सुधारणा येते असं मानतात. कोडं पुरतं सुटलेलं नाही.

तुमचं गेज म्हणजे ते नऊ प्रश्न. बेरीज ० ते २७. निम्म्यावर आली तर गुण आला म्हणायचं, ५ च्या खाली गेली तर आजार ओसरला. पुन्हा कधी मोजलं का? आणि गरम जॉब मोजू नये हे तुम्हीच लिहिलंय. १० मिलिग्रॅमवर तुम्हाला तीन आठवडेही झाले नाहीत.

एक सरळ विचारते, रागावू नका. त्या साडेतीन ते साडेपाचमध्ये जगणं नकोसं झाल्याचे विचार येतात का? येत असतील तर आजच घरात सांगा, डॉक्टरांना फोन करा. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत काहींची तगमग वाढते, पंचविशीच्या आतल्यांवर तर जास्तच लक्ष ठेवावं लागतं.

बार्शी_मेडिकल
खडू मॅडमनी प्लेटलेटचं सांगितलं, त्याच्याच पुढचं सांगतो, कारण इथे कुणी त्या डायक्लोफेनॅककडे बघितलं नाही.

रिकाम्या प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला थोडी ढिलाई. एकट्या गोळीने सहसा काही होत नाही. पण वरून डायक्लो, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन सुरू राहिलं तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. काळी, डांबरासारखी शौच दिसली तर थेट दवाखाना. कंबरेसाठी पॅरासिटॅमॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारा. आणि कंबरेसाठीच कुणी ट्रॅमाडॉल दिली तर आधी सांगा की मी एसिटॅलोप्रॅमवर आहे. दोन्ही मिळून सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. घाम, थरथर, ताप, जुलाब, जीव थाऱ्यावर नाही, अशी लक्षणं दिसतात. खोकल्याच्या काही सिरपमधल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फननेही असं होऊ शकतं. काउंटरवर लोक सिरप मागतात आणि या गोळीचं नाव घ्यायला लाजतात. चिठ्ठी घडी घालून देतात, पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागतात. अहो, मला तेवढं एक नाव कळलं तर दुसरं औषध द्यायचं की नाही ते ठरवता येतं.

भटक्यांनी सवयीचं म्हटलं. सवय लागते ती क्लोनाझेपामची. लोक दोन्ही गोळ्या एकाच पारड्यात टाकतात, त्याला कारणही आहे, आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीत मिळतात. दोन आठवड्यांची चिठ्ठी घेऊन दोन वर्षं मागायला येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, मग शिव्या खातो. तुमची दोन आठवड्यांनी बंद झाली का?

गेजरूम
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. क्लोनाझेपाम पंधराव्या दिवशी बंद केली, दोन रात्री तळमळलो, नंतर काही नाही. डायक्लो खिशातून काढली. खडू मॅडम, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर दहा मिनिटं बसून राहिलो. दिवाळीनंतरच्या दिवसांत दोनदा आला होता तो विचार. आता नाही. बायकोला काल रात्री सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकला. रात्री दीड वाजता.

नऊ प्रश्न परवा पुन्हा झाले. १३ आले.

गेजरूम (पाच आठवड्यांनी)
धागा वर काढतोय, राग मानू नका. कुणी मागून वाचत आलं तर अर्धवट वाटू नये म्हणून.

काल मोजलं, ८. डोस १० वरच. जाग आता पाचला येते. न लिहिलेला त्रास डॉक्टरांना सांगितला, चिठ्ठी न देता, तोंडी. ते म्हणाले, आणखी थोडे दिवस बघू, मग डोसचं ठरवू. निदान सहा महिने घ्यावी लागेल आणि सोडताना उतरत्या मापाने, असंही म्हणाले. रत्नागिरीच्या ताईंची चिर्र ध्यानात आहे. आणि भटक्या, सूर्यनमस्कार चारच घालतो, पण घालतो. ते आठव्या आठवड्यात जमलं, पहिल्या दिवशी नाही.

मेहुण्याला उत्तर सापडलं, तेही मशीनवर. बोअर सात मायक्रॉनने लहान येत होता. ऑपरेटरने ऑफसेट दिला, म्हणजे मशीनला तेवढी दुरुस्ती सांगितली, माप जागेवर आलं. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजलं होतं की जॉब तापत होता, त्याने शोधलं नाही, त्या वेळी मीही नाही. लॉट पास झाला. मेहुणा म्हणाला, माणूस म्हणजे काय मशीन आहे का. म्हटलं, नाही, म्हणून तर दर महिन्याला मोजायला जातो.

परवा एकादशीला कणीक मीच मळली. पाणी जास्त पडलं, सैल झाली, पहिल्या अभंगाला पुडी घुमेचना. बुवांनी डोळे वटारले. मध्येच थांबून वरून कोरडं पीठ लावलं. इतक्या दिवसांत हाताची सवय मोडली होती, बोटं भरून आली. अकरापर्यंत वाजवलं.

आता फक्त तो १९ चा रिपोर्ट राहिलाय. बायको म्हणते, फाडून टाक. फाडू की फाइलला लावू?

फळा_आणि_खडू
फाइलला लावा. वर पेनाने लिहा, 'गोळी चालू असताना, दिवस २३'.